वेशीवरची जागा

मास्तर सकाळपासून तिसऱ्यांदा जिना उतरले आणि फाटकाला हात लावून परत वर आले. सत्तरी गाठलेल्या माणसाने असले खेळ करू नयेत, पण त्यांना बसवत नव्हतं. खुर्चीत टेकले की गुडघा आपोआप हलायला लागायचा. मग भाची स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून म्हणायची, "मामा, एक तर आत जा, नाही तर चहा घे. येरझारा घालू नकोस, मला गरगरतं."

आत त्यांची ताई होती. सकाळी डॉक्टर येऊन गेले आणि जाताना दाराशी हळूच म्हणाले, आज किंवा उद्या. त्यांच्या पाठोपाठ समोरच्या चर्चमधले फादर तेलाची डबी घेऊन आले, आजाऱ्याच्या कपाळाला शेवटचं तेल लावायला. ताईने त्यांना सरळ परत पाठवलं. ओरडली नाही, रडली नाही. "नको, फादर. मला वर जायचं नाहीये," एवढंच म्हणाली. फादर वयाने लहान, बिचारे गोरेमोरे झाले. समोरच आहे, केव्हाही हाक मारा, असं म्हणून निघून गेले.

भाचीला काही उलगडा होत नव्हता. "आयुष्यात एक रविवार चुकवला नाही हिने," ती म्हणाली. "पण सगळे वेदीपाशी प्रभूची भाकर घ्यायला उठायचे तेव्हा ही मागच्या बाकावर बसून राहायची. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील. आता तेलही नको म्हणते. मामा, हा तुझा प्रांत आहे. तूच समजाव तिला."

प्रांत मास्तरांचाच होता, यात वाद नाही. फादर व्हायला सेमिनरीत गेले आणि मास्तर होऊन बाहेर पडले. चर्चचे सिद्धान्त कसे घडत गेले, हा त्यांचा विषय. कोणत्या शतकात कोण काय म्हणालं, पुढच्याने ते कसं वाकवलं, कुठल्या सभेत कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं, सगळं तोंडपाठ. त्यावर त्यांनी उशाला घेता येईल एवढं जाड पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या चौथ्या आवृत्तीची मुद्रितं आत्ता खांद्यावरच्या पिशवीत होती आणि नवव्या प्रकरणाशी कागदाची खूण घातलेली होती. त्या खुणेची आठवण झाली की मास्तर पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होते. तेल का नको, हे या घरात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ताईला पहिला मुलगा झाला. याच घरात, याच खोलीत, दिवस भरायच्या आत. यजमान डॉक्टरला आणायला गेलेले, तेव्हाचे फादर बाहेरगावी. घरात एक सुईण, जिला चर्चमधलं काही माहीत नव्हतं, आणि सुट्टीवर आलेला बावीस वर्षांचा भाऊ. मूल निळं पडायला लागलं तेव्हा ताई पडल्यापडल्या भावाला म्हणाली, "पंडित, तू शिकतोयस ना? त्याच्या डोक्यावर पाणी घाल."

अडीअडचणीला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी आणि एक ओळ पुरते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पंडितालाही माहीत होतं. त्याने भांडं भरून आणलंसुद्धा. आणि तिथे त्याला शंका आली, की अपुऱ्या दिवसांच्या मुलाला तीच ओळ चालते की आधी काही अट घालावी लागते? चूक व्हायला नको होती त्याला. भांडं स्टुलावर ठेवून तो शेजारच्या खोलीत गेला, ट्रंक उघडली, वर्गाची वही काढली आणि पान शोधत बसला. पान सापडलं तेव्हा सुईण दारात उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

मुलाला चर्चच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. बाप्तिस्मा नसलेल्यांना आत जागा नव्हती. आठवड्याने ताईने विचारलं, "तो आता कुठे असेल रे?" लाजेने अर्धमेल्या झालेल्या भावाने वर्गात ऐकलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. स्वर्गात नाही, नरकातही नाही. वेशीवर एक जागा असते, तिथे. दुःख नसतं, पण देवही दिसत नाही आणि पुढे जाता येत नाही. कधीच.

ताईने फक्त मान डोलावली. पण त्या दिवसापासून तिने वेदीची भाकर सोडली. पुढे एकदा मास्तरांनी छेडलं तर हसून म्हणाली, "फार वाईट वागले तर नरकात टाकतील. फार चांगली झाले तर वर नेतील. मला बरोबर वेशीवर उतरायचंय." मास्तरांना वाटलं, दुःख आहे, ओसरेल.

ते ओसरलं नाही. आणि इकडे शिकवता शिकवता मास्तर स्वतः शिकले. वेशीवरची ती जागा कोणी पाहिलेली नव्हतीच. आधी एका करड्या विद्वानाने बजावलं होतं की अशी मुलं आगीतच जाणार, फार तर सौम्य आगीत. सातशे वर्षांनी पुढच्यांना त्यांची दया आली, म्हणून त्यांनी आग विझवून वेशीवर जागा काढून दिली. मग त्या जागेच्या हद्दीवरून शेकडो वर्षं भांडणं. शेवटी मास्तरांच्याच हयातीत चर्चच्या मोठ्या समितीने लिहून टाकलं की देवाच्या दयेवर आशा ठेवायला भरपूर आधार आहे. मास्तरांच्या पुस्तकातही ती जागा हळूहळू आक्रसत गेली. पहिल्या आवृत्तीत ती ठाम होती, दुसरीत 'बहुतेकांचं मत' झाली, तिसरीत 'एक मत'. चौथीत त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, की चर्चने हा सिद्धान्त म्हणून कधी मांडलाच नव्हता.

ताईला त्यांनी फक्त पहिली आवृत्ती दिली होती. पुढची हातात ठेवायची म्हणजे सगळं बोलावं लागलं असतं. भ्याले मास्तर, दुसरा शब्द नाही.

"मामा," भाची दारात आली, "आई बोलावतेय."

ताई उशांना टेकून होती. चेहरा मुठीएवढा झाला होता, पण डोळे तेच, खोड्या ओळखणारे. पलंगाशी स्टूल, त्यावर औषधं आणि पाण्याचा पेला. भिंतीवरच्या फळीत पहिली आवृत्ती, मध्ये लाल फीत घातलेली. कुठल्या पानाशी ते बघायची मास्तरांना गरज नव्हती.

"ये, पंडित. तीनदा खाली जाऊन आलास. जिना झिजवतोस का?"

"ताई, तेल घे."

"आणि मी वर पोचले, तो वेशीवरच राहिला, तर? तूच छापलंयस."

मास्तर बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं ओकून टाकलं. ती जागा विद्वानांचा अंदाज होता, मी तो तुला पक्का म्हणून सांगितला. स्वतःचं तोंड लपवायला सांगितला. भांडं भरलेलं होतं, ताई, आणि मी वही चाळत बसलो.



"हे अंदाजाचं तुला कधी कळलं?"

"तीस वर्षं झाली."

"तीस वर्षं मी मागच्या बाकावर बसले," ती म्हणाली, "आणि तू आवृत्त्या काढत होतास." आवाज चढायचं बळ नव्हतं तिच्यात, म्हणून ते जास्तच लागलं. मास्तरांना रडू फुटलं. तिने त्यांना रडू दिलं. "भांड्याचं मला माहीत होतं. त्याच पाण्याने मी त्याचं अंग पुसलं. ते जाऊ दे. आता एवढंच सांग. तो पोचलाय का वर?"

मास्तरांचा हात पिशवीत गेला. नेमकं वाक्य होतं त्यांच्याकडे, तीन आठवडे घासूनपुसून लिहिलेलं. खात्री देता येत नाही, आशा बाळगता येते. ते तसंच्या तसं सांगायला हवं होतं, चूक व्हायला नको होती. खुणेचा कागद बोटाला लागला.

"परत पान शोधतोयस?" ताई म्हणाली.

मास्तर थिजले. मग त्यांनी पिशवी सोडून दिली. मुद्रितं फरशीवर पसरली आणि नववं प्रकरण पलंगाखाली गेलं.

"पोचलाय, ताई. तो पोचलाय."

"हे पुस्तकात घालशील?"

"नाही. असं लिहिता येत नाही."

"नको लिहूस. मला सांगितलंस ना." तिने डोळे मिटले आणि लगेच उघडले. आता तीच अस्वस्थ झाली, उशीवरून उठायला धडपडू लागली. "म्हणजे मी इथे वेशीचा हिशेब करत बसले आणि पोरगं तिकडे एकटं माझी वाट बघतंय! अरे, उभा काय राहिलास? फादरांना बोलाव. आणि पळत जा. त्या दिवशी बसलास तसा कुठे बसू नकोस."

मास्तर पळाले. चपला राहिल्या, चष्मा राहिला. "मामा, सावकाश, पडशील!" म्हणून भाची जिन्यावरून ओरडत होती, आणि ते अनवाणी रस्ता ओलांडत, चर्चचं दार अजून लांब असतानाच, फादरांना हाका मारत होते.