थॉमस एझ्राचा बाप

आमच्या ह्यांच्या पुष्कळ चुका मी आजवर पोटात घातल्या. पण मरायला टेकलेल्या माणसाला त्याच्या पोराच्या कबरीशेजारून उठवून लावणारी चूक कुठे घालायची, ते मला अजून कळलेलं नाही.

वॉल्टर व्हिटलॉक हा आमचा व्याही. आमच्या मिहीरची बायको क्लेअर ही त्याची मुलगी. व्याह्याला एकेरी हाक मारायला माझी जीभ दोन वर्षं वळत नव्हती, पण त्याचाच आग्रह. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत आम्ही चाळीसेक वर्षं आहोत आणि त्याची माणसं अमेरिका हा देश व्हायच्या आधीपासून. त्याला त्याचा गर्व नव्हता. गर्व झाला तो आमच्या ह्यांना, नरेंद्रना.

रिटायर झाल्यावर नरेंद्रनी आधी आमच्या भागवतांचा कुलवृत्तांत पुरा केला. मग हात शिवशिवायला लागले, म्हणून व्हिटलॉकांची वंशावळ हाती घेतली. जन्मभर पूल बांधलेला माणूस. दोन टोकं दिसली की मधलं जोडल्याशिवाय यांना चैन पडत नाही. वॉल्टरच्या पंच्याहत्तरीला यांनी दहा पिढ्यांचा तक्ता फ्रेम करून दिला. वॉल्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. मी श्रीखंड वाढत होते. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

हायवेजवळच्या गोदामांच्या मागे व्हिटलॉकांची एक छोटी दफनभूमी आहे. जोनाथन व्हिटलॉक नावाच्या पूर्वजाने ती जमीन दिली, ती फक्त स्वतःच्या वंशजांसाठी. वॉल्टरचा मुलगा डॅनी सहा वर्षांचा असताना तळ्यात बुडाला, तो तिथेच आहे. तेव्हा कोणी काही पुरावा मागितला नव्हता. आता जागा संपत आल्या, म्हणून तिथलं ट्रस्ट वंशावळ मागतं. या मे महिन्यात वॉल्टरचा कॅन्सर यकृतात पसरला, डॉक्टरांनी हात टेकले, घरीच हॉस्पिसची नर्स यायला लागली. त्याने एकच गोष्ट मागितली. मला डॅनीच्या शेजारी ठेवा. क्लेअरने ट्रस्टकडे नरेंद्रचा तक्ता पाठवून दिला. याहून चांगला पुरावा आणखी कुठला असणार?

उत्तर आलं, नाही. तक्त्याप्रमाणे वॉल्टर हा थॉमस एझ्रा व्हिटलॉकचा वंशज. थॉमस हा एझ्राचा मुलगा, आणि एझ्रा हा जोनाथनचा धाकटा भाऊ. म्हणजे वॉल्टर भावाच्या शाखेतला, आणि भावाच्या शाखेला त्या जमिनीत जागा नाही.

वॉल्टरने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तसाच म्हणाला, "मग माझं पोर मी कोणाच्या लोकांत ठेवलं?"

त्या दिवसापासून त्याने खाणं सोडलं. मी करून नेलेलं पातळ वरणही घेईना. दुसऱ्या दिवशी त्याने क्लेअरचा हात धरून तिच्याकडून वचन घेतलं, की डॅनीला तिथून काढून दुसरीकडे न्यायचं. इतक्या वर्षांपूर्वी पुरलेल्या भावाला उकरून काढायचं वचन त्या पोरीने रडत रडत दिलं. नर्स म्हणत होती, आठवडा निघाला तरी खूप.

त्या संध्याकाळी क्लेअरच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं उभे होतो. नरेंद्र आपले हट्टाला पेटलेले.

"तक्ता बरोबर आहे. अरे, त्याच्या नावातच बापाचं नाव आहे. थॉमस एझ्रा. बाप एझ्रा. यात चुकायला काय आहे?"

मिहीरने डोळे मिटून घेतले. "बाबा, ते मिडल नेम आहे, यार."

"तेच तर म्हणतोय मी."

क्लेअर एरवी यांच्याशी कधी आवाज चढवून बोलत नाही. ती वळली. "बाबा, माय मिडल नेम इज रोझ. माझ्या डॅडचं नाव रोझ आहे का?"

या देशात प्रत्येक फॉर्मवर नरेंद्र विष्णू भागवत लिहीत आलेल्या माणसाला इतक्या वर्षांत वाटलंच नाही, की मधलं नाव बापाशिवाय दुसऱ्या कोणाचं असू शकतं. आणि मला तरी कुठे वाटलं होतं? माझ्या मधल्या नावात तर हाच माणूस ठाण मांडून बसलाय.

"अहो, पण थॉमसला जोनाथनच्या जमिनीत पुरलंय ना? तेव्हा नाही खटकलं तुम्हाला?" मी विचारलं.

"मला वाटलं, पुतण्या म्हणून काकाने जागा दिली असेल," नरेंद्र हळूच म्हणाले.

आपलं एकत्र कुटुंब यांनी तीनशे वर्षांपूर्वीच्या न्यू जर्सीत नेऊन बसवलं होतं. मी इतकी ओरडले की मिहीरने खिडकी लावून घेतली. माझा राग नेहमी फोडणीसारखा असतो, तडतडतो आणि बसतो. त्या दिवशी तो बसेना.

"त्याच्या कबरीवरचा दगड तरी पुरता वाचला होतात का?"

"वरचं वाचलं होतं. नाव आणि सालं. खालचा भाग जमिनीत खचलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दफनभूमीत गेलो. फाटक उघडायला ट्रस्टच्या मिसेस ॲबट आल्या होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. आम्हाला माती काढायची आहे म्हटल्यावर त्या मधे उभ्या राहिल्या. खणायला बोर्डाची परवानगी लागते, आणि बोर्ड सप्टेंबरमध्ये भेटतं.

"तो सप्टेंबर बघणार नाही," मी म्हटलं.

"आय ॲम सॉरी. नियम आहे."

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. तरी मी तिथे खाली बसले आणि हातांनी माती ओढायला लागले.

"मॅम, मी पोलिसांना फोन करीन."

"करा. ते येईपर्यंत माझं होतंय."

नरेंद्र एक क्षण घुटमळले. हा माणूस रस्त्यात गाडी नसली तरी लाल दिव्याला थांबतो. मग तेही माझ्याशेजारी बसले. पावसाने माती भुसभुशीत झाली होती, पण खाली गवताची मुळं घट्ट होती. नखं उलटत होती. मी मनात म्हणत होते, असू दे रे देवा, खाली काहीतरी असू दे. नुसताच दगड निघाला असता तर परत जाऊन त्या पोरीला तोंड कसं दाखवलं असतं?

अक्षरं दिसायला लागली. सन ऑफ. पुढचं मुळांखाली होतं. नरेंद्रना ती मुळं निघेनात, शेवटी मीच उपटली. जोनाथन अँड मर्सी. थॉमसचे आईबाप.

मिसेस ॲबटच्या हातातला फोन तसाच राहिला. त्याही खाली बसल्या, चष्मा लावून बोटाने एकेक अक्षर वाचलं, आणि तिथूनच बोर्डाच्या बाकीच्या दोघांना फोन केले. "त्यांना सांगा, जागा त्यांची आहे," त्या आम्हाला म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. त्यांचा कोट माझ्या हातांच्या मातीने भरला, ते त्यांनी मनावर घेतलं नाही.

आम्ही तसेच वॉल्टरकडे गेलो. तो जागा होता, पण आवाज पार खोल गेला होता. नरेंद्र त्याच्याजवळ बसले. या माणसाने मला कधी सॉरी म्हटलेलं नाही, त्याने वॉल्टरला म्हटलं. "माझी चूक झाली. आमच्याकडे मधलं नाव बापाचं असतं. तू जोनाथनचाच आहेस, वॉल्टर. दगडावर लिहिलंय. माझी पक्की खात्री आहे."

वॉल्टर त्यांच्याकडे बघत राहिला. "तक्ता दिलास तेव्हाही तुझी पक्की खात्री होती, नरेन."

नरेंद्रनी फोनवरचा फोटो पुढे केला. त्याने तो हळूच बाजूला सारला, त्याला आता वाचता येत नव्हतं. मी माझी नखं त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "हे बघ, या हातांनी काढलंय." तो हसला. माझा हात थोपटून म्हणाला, "तुम्ही दोघं फार चांगली माणसं आहात. आजारी माणसासाठी किती करता."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याला वाटत होतं, आम्ही त्याची समजूत घालतोय.

"डॅड, इट्स ट्रू. आय स्वेअर," क्लेअर म्हणाली.

"आय नो, हनी." लहान मुलाने दाखवलेल्या चित्राला छान म्हणावं, तसं म्हणाला. मग डोळे मिटले. "डॅनीचं मात्र विसरू नकोस. तू वचन दिलंयस."

तिसऱ्या दिवशी तो गेला. मधल्या काळात शुद्धीवर असा आलाच नाही.

क्लेअरने बापाला दिलेलं वचन मोडलं. डॅनीला कोणी हलवलं नाही, वॉल्टरला त्याच्या शेजारी ठेवलं. मिसेस ॲबट आल्या होत्या. मूठभर माती टाकून झाल्यावर नरेंद्र माझ्या कानाशी आले.

"वसू, शेवटी शेवटी पटलं असेल ना गं त्याला?"

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला मी कधी उत्तराशिवाय सोडलेलं नाही. त्या दिवशी सोडलं.