कर्दनकाळाची सही

चष्मेवाल्याने त्या दिवशी सकाळी एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा चष्मा दिला आणि नवऱ्याला त्यांचा. पाच मिनिटांत दोघंही एकमेकांना धरून, ठेचकाळत परत आले. "लक्ष कुठंय तुमचं आज?" बाई कडाडल्या. लक्ष होतं कोटाच्या आतल्या खिशात. तिथे कडक प्लास्टिकच्या डबीत, डबीतल्या मऊ पाकिटात, एकोणीस नंबरचं कार्ड होतं आणि दुपारी त्यावर सही मिळायची होती. मिळेल ना? कालपासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

कार्ड कुस्तीचं होतं. चकचकीत चड्ड्या, रिंगणाभोवती दोर, आणि निकाल आधीच ठरलेला. तरी बघणाऱ्याने घसा बसेपर्यंत ओरडायचं, अशी ती कुस्ती. तो नऊ वर्षांचा असताना साठ पैलवानांचा संच निघाला होता. पुढे फोटो, मागे उंची, वजन आणि ठेवणीतला डाव. मोठेपणी त्याने डोक्यात घेतलं की साठच्या साठ कार्डांवर ज्याची त्याची सही हवी. त्या वेडापायी बावीस वर्षं गेली आणि एकोणसाठ सह्या जमल्या. "साठ पैलवानांशी संसार थाटलाय याने, मी आपली एकसष्टावी," असं बायको येईल त्याला सांगायची. पण कार्डांच्या फायलीवर धूळ बसू द्यायची नाही तीही तीच.

राहिला होता एकटा कर्दनकाळ. तो दुष्ट पैलवान होता, आणि दुष्टाने रिंगणाबाहेरही कुणाशी गोड वागायचं नाही हा धंद्याचा नियम तो नको इतका पाळायचा. सहीसाठी पोराने कागद पुढे केला की डोळे वटारायचे, कागद टराटरा फाडायचा, तुकडे डोक्यावरून भिरकावायचे. पोरं हुर्यो उडवायची आणि हा खुशीत चालता व्हायचा. त्यामुळे त्याची सही जगात कुणाकडेच नव्हती. कार्डही धड मिळायचं नाही, कारण पोरांनी रागाने प्रत्येक कार्डावर त्याला शिंगं काढलेली, टाचणीने डोळे फोडलेले. चष्मेवाल्याला कोरं कार्ड सापडायला अकरा वर्षं लागली होती.

आणि पंधरा दिवसांपूर्वी चष्मा करायला आलेली, शाळेची बस चालवणारी एक बाई दुकानाच्या भिंतीवरचं कर्दनकाळाचं पोस्टर बघून सहज म्हणाली होती, "अय्या, हे आमचे बाबा!"

चष्मेवाल्याने आ वासला तो मिटेचना.

"हल्ली खुर्चीतून उठत नाहीत, बोलतातही कमी," ती म्हणाली. "पण सही देतील की. आता कसला आलाय दुष्टपणा! अडीचला या. तीनला मला बसवर जायचं असतं."

तो पावणेदोनलाच इमारतीखाली हजर झाला. मग फेऱ्या सुरू. पेन चालतं का म्हणून तळहातावर रेघ ओढून पाहिली. ती शाई कार्डाला लागली तर, म्हणून नळावर जाऊन हात धुतला. हात ओला राहिला, म्हणून तो वाळेपर्यंत वाऱ्यात हलवत बसला. येणारेजाणारे त्याच्याकडे बघून वाट बदलत होते.

वर खोलीत खिडकीशी म्हातारा बसला होता. एकेकाळी खांद्यातून सुरू होणारी मान आता कॉलरमध्ये सैल पडली होती. कान तेवढे तसेच होते, चुरगळलेले.

"बाबा, हे तुमची सही घ्यायला आलेत."

म्हाताऱ्याने बघितलंही नाही. चष्मेवाल्याने सुती हातमोजे चढवले, डबी उघडली, पाकिटातून कार्ड काढलं. प्लास्टिकवरची सही अंगठ्याने पुसली जाते, तेव्हा बाहेर काढणं भाग होतं. "काका, इथे, खालच्या निळ्या भागावर," म्हणत त्याने कार्ड आणि पेन दोन्ही हातात दिलं.

म्हातारा आपल्याच फोटोकडे बघत राहिला. पेन खाली पडलं. आणि खुर्चीचे हात धरून तो उठून उभा राहिला.

"दोन महिन्यांत उठले नव्हते हो," मुलगी पुटपुटली.

त्याने डोळे वटारले, नाकपुड्या फुलवल्या, कार्ड दोन्ही हातांत धरलं. जाड पुठ्ठा, पहिल्या हिसक्यात फाटलाच नाही. तेवढ्यात झडप घालता आली असती, पण चष्मेवाल्याचे हात हातमोज्यांतच थिजले. दुसऱ्या हिसक्यात कार्ड उभं फाटलं, मग आडवं, आणि चार तुकडे म्हाताऱ्याच्या डोक्यावरून मागे गेले.

"बाबा! अहो, काय केलंत हे!"

त्याला ऐकू गेलं नाही. हनुवटी वर करून तो थांबला होता. खोली चिडीचूप. त्याचा तोल जायला लागला, नजर भिंतीवरून भिंतीवर फिरली. समोर बघणारं कुणीच नाही की काय, अशी भीती त्या डोळ्यांत उतरली. मुलगी सावरायला धावली, पण त्याआधीच त्याने चष्मेवाल्याच्या मानेला हाताचा विळखा घातला आणि डोकं काखेत ओढलं. दुरून जीवघेणा दिसेल असा तो डाव होता, पण मानेवर भार म्हणून नव्हता.

"लागलं नाही ना रे?" ओठ न हलवता म्हाताऱ्याने विचारलं.

सह्या देताना कितीतरी पैलवानांनी चष्मेवाल्याला हेच सांगितलं होतं: कर्दनकाळासारखा जपणारा गडी दुसरा नव्हता, प्रत्येक डावात कानाशी विचारायचा.

"लागलं," चष्मेवाला म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं.

"मग ओरड की. सगळा हॉल थांबलाय."

चष्मेवाल्याचा आवाज निघाला तो अकरा वर्षांचा, बावीस वर्षांचा, फायलीतल्या त्या आता कधीच न भरणाऱ्या एका जागेचा. "हुर्योऽऽ! नीच! हलकट! राक्षसा!" तीन वाजत आले होते. मुलीने बसची किल्ली हातात घेतली होती. ती तशीच दारात थांबली आणि तिनेही तोंडाशी हात नेऊन हुर्यो केली. काखेत दाबलेल्या डोक्याला म्हाताऱ्याची छाती गदगदा हलताना कळत होती. तो हसत होता, आणि चष्मेवाला खराखुरा रडत आणखी जोरात ओरडत होता.