पेवात आधी उतरणारा कंदील

मित्रांनो, मी सांगलीकडचा एक जुना कंदील आहे. कंदील म्हटलं की तुम्हाला उजेड आठवेल. मला मात्र या घरात आणलं ते भर दुपारी विझण्यासाठी. चकित झालात ना?

आमच्या माळावर हळदीचं पेव आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड माणूस जाईल एवढंच, पोट चार पुरुष खोल. त्यात हळकुंडं भरून वर दगड ठेवला की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पण बंद पेवात हवा मरते. तिला ना वास, ना रंग. म्हणून दगड काढला की आधी मला दोरानं आत सोडायचे. मी तेवत राहिलो तर माणूस उतरे. विझलो तर सगळे थांबत. हमाल विचारायचे, "कंदीलराव काय म्हणत्यात?" घरची सून मनुबाई रोज राखेनं माझी काच पुसायची.

एकदा ती काच फुटली. मनुबाईचा धाकटा दीर गुंडा म्हणाला, "आणू की उद्या, वैनी." आणि घाईघाईनं तसाच पेवात उतरला. मी खुंटीवर होतो. गुंडा जिता वर आला नाही.

काच दुसऱ्या दिवशी आली.

पुढं गोदामं झाली, पेवं बुजली. आमचं एकच उरलं, तेही नऊ वर्षं बंद. मी शेळ्यांच्या गोठ्यात गंजत राहिलो.

यंदा मनुबाईची नात उत्कर्षा आली. ती अत्तरं बनवायला शिकली आहे. म्हणाली, "आजी, पेवातली हळद हवी. अत्तर करायचंय."

"हळदीचं अत्तर? अगं, हळद नवरीला लावत्यात, बाटलीत भरत न्हाईत!"

उत्कर्षा हसली. वाफेवर हळदीचं तेल निघतं, त्याला मातीचा, थोडा कडवट, उबदार वास असतो, असं तिनं सांगितलं. गुलाबाच्या अत्तरात ते तेल आधाराला घातलं की गुलाब लवकर उडून जात नाही. शिवाय ही हळद तर नऊ वर्षं जमिनीत मुरलेली.

सकाळी तिनं आणि ट्रॅक्टरवाल्या पप्पूनं पेवाचा दगड सरकवला. मोबाईलची बॅटरी लावून तो दोरानं तळापर्यंत सोडला. उत्कर्षानं कमरेला दोर बांधला, पाय आत सोडले. तेवढ्यात मनुबाई आली.

"कंदील सोडला का रं?"

"आवं आजी, मोबाईल सोडलाय की! हळकुंड न् हळकुंड दिसतंय. त्यो कंदील भंगारात द्या आता."

"पाय वर घे," मनुबाई नातीला म्हणाली. तिचा असा आवाज उत्कर्षानं कधी ऐकला नव्हता.

मला गोठ्यातून आणलं. पोटात रॉकेलचा थेंब नव्हता. पप्पूनं कुरकुरत ट्रॅक्टरमधलं डिझेल ओतलं. धूर ओकत मी पेटलो, आत उतरलो. पुरुषभर खाली गेलो असेन नसेन, माझा श्वास कोंडला. ज्योत आक्रसली. संपली.

खाली तळाशी मोबाईल मात्र लख्ख जळत होता.

आम्हा दोघांना वर ओढलं. एक पेटलेला, एक विझलेला. उत्कर्षा मातीतच बसली. "आजी, मी उतरलेच होते गं!" मनुबाई पदरानं माझी काच पुसत राहिली.

दोन दिवस पेव उघडं ठेवलं, फवारणीच्या ब्लोअरनं हवा मारली. तिसऱ्या दिवशी मी तळापर्यंत तेवत गेलो. मग हळद वर आली.

महिन्याभरानं उत्कर्षानं अत्तराचा पहिला थेंब आजीच्या मनगटावर लावला. मनुबाईनं तो हुंगला आणि मनगट पुन्हा नाकाशी नेलं.

"गुंडाभावजींच्या सदऱ्याला ह्योच वास यायचा," ती म्हणाली.

मित्रांनो, आता मी पेवाच्या तोंडाशी रोवलेल्या खांबाला टांगलेला असतो. पोटात रॉकेल आहे, वात नवी आहे. माझ्या शेजारच्या डब्यात उत्कर्षानं एक जादा काच आणून ठेवली आहे. तुमच्या घरीही असं एखादं जुनं काही असेल. त्याचं काही मोडलं तर ते आजच नीट करा. आमच्या घरी फक्त एक दिवस उशीर झाला होता.