बिस्किट, ह्याला सांग

ओडेल आणि व्हर्ना यांच्या अबोल्याला सातवा आठवडा लागला होता, पण म्हणून घरात शांतता होती असं समजू नका. दोघंही कुत्र्याशी बोलायची. "बिस्किट, ह्याला सांग, कॉफी गार होतेय." "बिस्किट, हिला सांग, मला डोळे आहेत." बिस्किट बिचारं आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघायचं.

भांडण अंगणातल्या पेकनच्या, म्हणजे अक्रोडाच्या जातीच्या, झाडावरून. व्हर्नाच्या जन्माच्या वर्षी तिच्या वडिलांनी लावलेलं झाड. ती बहिणीकडे गेलेली असताना ओडेलने ते करवतीने आडवं केलं. कारण काय, तर पन्हळीत पानं साचतात! पश्चात्ताप त्याला त्याच संध्याकाळी झाला. पण 'चुकलो' हा शब्द त्याने जन्मात उच्चारला नव्हता, आणि साठी उलटल्यावर नवे शब्द तोंडात बसत नाहीत अशी त्याची समजूत होती. हे असंच मरेपर्यंत चालणार, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

शनिवारी संध्याकाळी कुत्र्याचं खाणं आणायला दोघं पिकअपमधून निघाली. बिस्किट अर्थातच मध्ये. गावाबाहेरच्या नाचघरापाशी गाड्यांची ही गर्दी, आणि आतून फिडल नि स्टील गिटार ऐकू येत होती.

"बिस्किट," व्हर्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "क्लेबर्नचा बँड आलाय. काही नवरे बायकोला घेऊन जातात म्हणे."

ओडेलने कर्रकन गाडी वळवली. पायात गोठ्यातले बूट होते, पण आता कोण परत जातंय?

दारावरच्या बाईने हात आडवा केला. "कुत्रा बाहेर. मागे एकाने नाचासाठी जमिनीवर भुरभुरलेलं मक्याचं पीठ चाटून साफ केलं. बूट सरकेनात, मग लोकांनी नाचायचं कसं?"

"पण आम्हाला लागतो तो," ओडेल काकुळतीला आला.

"कशाला?"

"बोलायला."

बाईने व्हर्नाकडे पाहिलं. "दोघांनाही लागतो," व्हर्ना म्हणाली.

"दोघांनाही तोंडं दिसतायत मला. गाडीत ठेवा त्याला."

आत पाच गाणी दोघं मूग गिळून बसली. मग क्लेबर्नने लग्न झालेल्या सगळ्या जोड्यांना नाचायला बोलावलं. रिवाज सगळ्यांच्या ओळखीचा: गायक वर्षं पुकारणार, तेवढा संसार न झालेल्यांनी बाजूला व्हायचं, आणि शेवटी उरेल त्या जोडीने संसाराचं गुपित सांगायचं. बसून राहावं तर गावाला आयता विषय. दोघं उठली. पाच, पंधरा, तीस… चाळिसाला ती दोघंच उरली.

क्लेबर्न माईक घेऊन खाली उतरला. "मॅम, काय गुपित आहे?"

"ह्याला सांगा," व्हर्ना म्हणाली, "झाड तोडायच्या आधी विचारायचं असतं."

क्लेबर्न गोंधळून ओडेलकडे वळला. "त्या म्हणतायत…"

"ऐकलं. हिला सांग, पन्हळ तुंबली होती."

गायकाची सवयच वाईट! क्लेबर्नने ते सुरात सांगितलं. स्टील गिटार कण्हली, फिडलने ओळ उचलली, आणि तीनशे माणसं कोरसमध्ये ओरडली, "पन्हळ तुंबली होती!"

"सांगा त्याला, माझ्या बापाने लावलं होतं ते."

हेही गाऊन झालं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मागून कुणीतरी खेकसलं, "ओडेल, लाज वाटू दे जरा!"

ओडेल पुन्हा क्लेबर्नकडे वळला. "हिला सांग की…"

क्लेबर्नने माईक पाठीमागे लपवला. "हे माझ्याच्याने नाही होणार, साहेब. माझी स्वतःची तीन लग्नं मोडलीत."

आता मध्ये कुणीच नव्हतं. ओडेल एक पाऊल पुढे सरकला. त्याने व्हर्नाचे हात धरले.

"चुकलो," तो म्हणाला. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला. "व्हर्ना, चुकलो मी. फार वाईट वागलो." आणि तो सगळ्या गावासमोर रडायला लागला.

व्हर्नाने खाली बघितलं.

"ओडेल," ती म्हणाली, "तू माझ्या पायावर उभा आहेस."

ओडेल पाय उचलेना. सात आठवड्यांनी ती त्याच्याशी बोलली होती, आणि पाय काढला तर थांबेल अशी त्याला भीती वाटली.