शिंपलीचा दिवस

माझी नणंद दर महिन्याला चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट तसंच माझ्याकडे सरकवायची. प्रभुभोजन फक्त बाप्तिस्मा झालेल्यांना, असा आमच्या मंडळीचा नियम, आणि पाळक म्हणजे तिचा सख्खा भाऊ, माझा नवरा. ताट पुढे करताना ती खाली बघायची. मला ते बघवत नसे.

तिला लहानपणापासून सगळे शिंपली म्हणतात. आता ती संग्रहालयात दगड झालेल्या शंखांचा अख्खा विभाग सांभाळते, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. श्रद्धा माझ्यापेक्षा काकणभर सरसच. अडायचं एकाच ठिकाणी. बाप्तिस्म्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं, प्रभूने मला अमुक दिवशी गाठलं. शिंपलीकडे तसा दिवसच नव्हता.

यंदा तिने पुन्हा बाप्तिस्मा मागितला, ह्यांनी पुन्हा दिवस विचारला.

"अगं, दे ठोकून एखादी तारीख," मी म्हटलं. "कोण पडताळायला बसलंय?"

"खोटं बोलून बाप्तिस्म्याच्या हौदात उतरू, वहिनी?" ती कडाडली.

ह्यांचा दिवस साऱ्या मंडळीला पाठ. एका दुपारी घरी आले, दारूच्या होत्या नव्हत्या त्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या, आणि पुन्हा कधी थेंबाला शिवले नाहीत. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. त्या माणसाचं मला अजून कौतुक वाटतं.

शनिवारी शिंपलीने आम्हा दोघांना संग्रहालयात बोलावलं. तिने एक लांबलचक खण ओढला. आटलेल्या एका तळ्यातले शंख, तळच्या थरापासून वरच्या थरापर्यंत ओळीने मांडलेले. पहिला गुळगुळीत, शेवटचा कंगोऱ्यांचा.

"दादा, ह्यातला कंगोरेवाला पहिला कुठला, दाखव."

ह्यांनी चष्मा चढवला. एका शंखावर बोट ठेवलं. मग त्याच्या आधीच्यावरही पुसटशी रेघ दिसली, बोट मागे सरकलं. असं करत करत स्वारी पार सुरुवातीला येऊन पोचली.

"हरलो बुवा," ते म्हणाले. "देवाला घाई नसते, एवढं कळलं."

दुसऱ्या खणात मात्र गुळगुळीत, गुळगुळीत, आणि एकदम कंगोरे. ह्यांचा चेहरा खुलला. "हा बघ, हा मी!"

"तूच," शिंपली हसली. "पण ह्या दोघांच्या मधली बोटभर माती साचायला हजारो वर्षं गेलीत, दादा. बदल झपाट्याने झाला, खरंय. एका रात्रीत नाही झाला. मधले शंख आपल्याला सापडले नाहीत, इतकंच."

माझ्या जिभेला हाड नाही. "ह्यांचे मधले शंख मी पाहिलेत," मी बोलून गेले. "त्या दुपारच्या आधी कितीतरी महिने तुम्ही प्रार्थनेच्या वेळी चर्चच्या मागच्या दाराशी उभे राहायचात. अर्धा पेला मोरीत ओतायचात. तुम्हाला वाटायचं, हिला दिसत नाही."

"कधी बोलली नाहीस ती?"

"तुमची गोष्ट ऐकायला फार छान वाटायची हो."

ते चष्मा पुसत राहिले. मग एकटेच पुढे चालू लागले. मला वाटलं, झालं, माझ्यामुळे शिंपलीचं उरलंसुरलंही गेलं.

रविवारी बाप्तिस्म्याच्या वेळी ती तरीही हौदाच्या पायरीवर उभी राहिली. ह्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "तुझा दिवस कोणता?" असा राग आला मला! एवढं सगळं बघूनही हे आपले तिथेच!

"माहीत नाही," शिंपली म्हणाली.

"मलाही माझा नक्की माहीत नाही," हे म्हणाले. बाकांवर कुजबुज झाली. ह्यांनी ती होऊ दिली. "आज विश्वास आहे?"

"आहे."

ह्यांनी हात धरून तिला पाण्यात उतरवलं.

मग ताट फिरलं. शिंपली माझ्या शेजारी, केसांतून पाणी निथळतंय. तिच्याकडे ताट गेलं तसा सवयीने माझा हात पुढे झाला. ताट आलं नाही. ते मांडीवर घेऊन ती भाकरीचा तुकडा सावकाश चावत होती, आणि मी हात तसाच धरून बसले होते.