उशीचा मामा

तिने उशीला सदरा चढवला, बटणं लावली, तिला पलंगावर निजवलं आणि मोबाइल असा टेकवला की पडद्यावर फक्त पोट दिसावं. साथीमुळे कॉलेज बंद होतं आणि डॉक्टरकीची प्रात्यक्षिक परीक्षा घरून, व्हिडिओ कॉलवर द्यायची होती. रुग्ण म्हणून घरातलंच कोणीतरी घ्यायचं. भाड्याच्या त्या खोलीत तिच्याखेरीज चिटपाखरू नव्हतं, आणि नापास झाली तर वर्ष बुडणार होतं.

“रुग्ण कोण?” सरांनी विचारलं.

“मामा.”

ती पोट तपासू लागली. सर पडद्याजवळ सरकले.

“तुझे मामा श्वास कधी घेतात?”

थाप मारायची तर धड मारावी, तेही जमलं नव्हतं.

“सर, इथे कोणीच नाही,” ती म्हणाली. तीन महिन्यांत हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्यामुळे तिला रडू फुटलं.

या सरांपुढे वॉर्डातले भलेभले वाचाळ मिठाची गुळणी धरून बसत. ते आता नुसतेच चष्मा पुसत राहिले.

“रुग्णाशिवाय परीक्षा घेता येत नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला, सदऱ्याची बटणं काढली आणि समोरच्या पलंगावर आडवे झाले. “हात माझा, डोकं तुझं. सांग.”

“आधी हात चोळून गरम करा, सर.”

“हं. काहीतरी शिकलीस म्हणायचं.”

ती सांगत गेली, सर स्वतःचं पोट दाबत गेले. दाबताना पोटाकडे नाही, रुग्णाच्या तोंडाकडे बघायचं, हे त्यांनीच कानीकपाळी ओरडून शिकवलेलं. उजव्या बरगडीखाली हात गेला तसे त्यांचे ओठ आवळले गेले.

“तिथे दुखतंय?”

“नाही. पास झालीस.” ते उठू लागले.

“झोपून राहा, सर. तिथेच दाबून श्वास घ्या.”

त्यांचा श्वास अर्ध्यावर अडकला.

“कधीपासून आहे हे?”

“परीक्षा संपली.”

“घरी कोणाला सांगितलंत?”

सर छताकडे बघत राहिले. “सांगायला कोणी असावं लागतं,” ते म्हणाले.

तिने डोळे पुसले, वही पुढे ओढली आणि पेन उघडून बसली. घाई केली नाही.

“दोन महिने झाले,” सर म्हणाले. “जेवल्यावर जास्त.”