माझ्या बुडाखालचा निळा रंग

ऐका. विमान बोलत नाहीये, त्याच्या इंजिनाला चिकटलेला मी रेग्युलेटर बोलतोय. तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा डबा, पाठीवर माशासारखे कल्ले. नाव साहेबाचं, काम हेडक्लार्कचं! वीज तयार करते इंजिनातली कॉइल, साठवते बॅटरी. मी मध्ये बसून विजेला शिस्त लावतो आणि उगाच तापतो.

दोन सीटच्या, कापडी पंखांच्या या विमानावर माझी नेमणूक झाली, तेव्हा वाटलं, आता आकाश आपल्याच बापाचं. पहिल्या मालकाने आम्हाला शेडमध्ये ठेवून पंखांवर जुन्या चादरी वाळत घातल्या. जिरली!

मग आल्या ड्रायव्हरबाई. जन्मभर बस चालवली आणि निवृत्त होताच विमान घेतलं. यजमान पाट्या रंगवणारे पेंटर. बाई उडायच्या आणि हे खाली उभे राहून मान अवघडेपर्यंत बघायचे.

बाईंच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. दोरी ओढून इंजिन सुरू करणं संपलं. उरलं बटण, आणि बटणाला हवी भरलेली बॅटरी. त्या अंथरुणावर असताना पेंटरांनी हौसेने इंजिनाची बैठक निळीशार रंगवली. मला सोडवून माझ्या खालीही रंग, नटबोल्टांनाही रंग. मी नव्या गादीवरच्या नवरदेवासारखा फुगलो.

बाई परतल्या आणि पंचाईत झाली. घरून भरून आणलेली बॅटरी आकाशात गेल्यावर रेडिओ खाऊन टाकायचा, माझ्याकडून भर म्हणून थेंब नाही.

"विकून टाकू," पेंटर म्हणाले. "रविवारी गिऱ्हाईक येतंय. अगं, कुठल्या माळावर उतरलीस आणि बटण चाललं नाही, तर दोरी कोण ओढणार?"

"रविवारपर्यंत चार्जिंग सुरू झालं तर विमान माझं. नाही झालं तर द्या कोणालाही," बाई म्हणाल्या. पण हात पंखावरून फिरत होता, नातवाच्या पाठीवरून फिरावा तसा.

आरोपी अर्थातच मी. मला काढून डब्यात टाकलं आणि माझ्या जागी ओळखीच्या एका पायलटकडून मागून आणलेला रेग्युलेटर बसवला. तोही ढिम्म! देवाशपथ, इतका आनंद मला मी नवा होतो तेव्हाही झाला नव्हता. दुसरा नापास झाला की आपण हुशार, हा माणसांचा गुण मी फार लवकर उचलला.

रविवारी गिऱ्हाईक दारात आलं, तेव्हा मी परत जागेवर होतो. बाईंनी कॉइलच्या वायरी तपासल्या, फ्यूज तपासला, सगळं ठीक. मग त्या माझ्या बुडाकडे बघत राहिल्या. एका वायरचं टोक माझ्या अंगाला बांधलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. बटण दाबलं. इंजिन सुरू झालं आणि चार्जिंगच्या मीटरचा काटा टुणकन वर!

म्हणजे वीज होती, मीही धड होतो. फक्त विजेला माझ्या अंगातून इंजिनात परत जायला वाट नव्हती. वाटेवर निळा रंग बसला होता आणि त्यावर ऐटीत मी.

बाईंनी इंजिन बंद केलं. "अहो, विमान विकायचं म्हणून मुद्दाम केलंत?"

"अगं, मुद्दाम कोणी इतकं सफाईने रंगवतं का?" पेंटरांचा आवाज चिरकला.

बाई हसल्या, खांदा दुखेपर्यंत. चाकूने रंग खरवडला, बोल्ट घासून लखलखीत केले आणि मला उघड्या पत्र्यावर आवळलं.

गिऱ्हाईक म्हणालं, "मग काय भाव लावताय?"

"चहा घेऊन जा," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी या ओरखड्यांवर बसलोय. गादी गेली, काम आलं. पेंटर अधूनमधून ब्रश घेऊन घुटमळतात. "तेवढं एक ठिकाण फार वाईट दिसतं गं."

"दिसू दे."

बायांनो, बाबांनो, जीव लावता त्याला जरूर रंगवा. पण आमच्या बुडाखाली थोडी जागा उघडी ठेवा. आणि मी पुन्हा फुगलेला दिसलो, तर आधी चाकू आणा.